सा सरकतो तेव्हा

(तानपुरा. पाच-सहा सेकंद. मग आवाज हळूहळू मागे.)

नमस्कार श्रोतेहो. मागे वाजतोय तो तानपुरा. तानपुरा म्हणजे आपली नेहमीची इलेक्ट्रॉनिक पेटी, काळी एकला लावलेली. आता तिच्यावर आणखी एक आवाज चढवतो.

(भरदार, सलग सूर. तानपुऱ्याशी जुळलेला.)

हाही सा. पण याच्यामागे तार नाही, भाता नाही, बांबूची नळी नाही, आणि आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाजही नाही. समोरच्या टेबलावर एक लाकडी खोकं आहे. त्याला अकरा बटणं, मोडक्या कीबोर्डच्या काढून लावलेल्या अडीच सप्तकांच्या पट्ट्या आणि आत ट्रान्झिस्टर, कंडेन्सर अन् रेझिस्टर. वीज वरखाली होते, स्पीकरचा पडदा तिच्याबरोबर हलतो, आणि आपल्या कानाला तो सा वाटतो. याला म्हणतात अ‍ॅनालॉग सिंथेसायझर. हा मी स्वतः जोडलेला आहे, बरीच वर्षं झाली त्याला. आज सकाळी पंचवटीतून स्कूटरवर पायाशी ठेवून आणला. बाहेर थंडी मरणाची, निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर आहे. इथे स्टुडिओ बंद, वर दिवे. त्यामुळे हे खोकं आता अंग शेकतंय. मी सा लावून ठेवलाय खरा, पण तो जागेवर राहणार नाही. बोलणं संपताना पुन्हा ऐकू, किती सरकला ते.

तुमच्यातले कितीतरी जण म्हणतील, सिंथेसायझरशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुम्ही नाचून सिद्ध केलेला आहे. रविवार कारंजावरून एखादी वरात चालली आहे असं समजा. बँडवाले ती धून काढतात, आणि नवरदेवाचा एखादा मित्र दातात रुमाल धरतो, दुसरा दोन्ही हातांचा फणा करून रस्त्यावर लोळायला लागतो. नागीन डान्स! ती धून 1954 सालच्या 'नागिन' चित्रपटातली. संगीत हेमंतकुमारांचं. आपण सगळे समजत आलो की मूळ गाण्यात गारुड्याची पुंगी आहे. ती पुंगी नाहीच. तो आवाज क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्याचा आहे. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने ते 1947 मध्ये बनवलं होतं. छोटा कीबोर्ड, एका वेळी एकच सूर, आत व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर पेटायचे ते काचेचे दिवे. मुंबईत ते वाजवलं कल्याणजी वीरजी शहा यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी झाले त्यातले कल्याणजी. सोबत हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. गारुड्याच्या पुंगीला इतकं सफाईदार वळण कधीच जमलं नसतं. तर सत्तर वर्षं महाराष्ट्रातली तरुण पोरं फ्रेंच व्हॉल्व्हच्या तालावर रस्त्यात लोळताहेत.

आता हा आवाज होतो कसा, ते ऐकवतो.

(कर्कश, किरकिरा सूर.)

कानाला टोचतोय ना? आमच्या धंद्यात याला करवती तरंग म्हणतात. कागदावर काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो: विजेचा दाब हळूहळू चढतो आणि एकदम खाली पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. सेकंदाला 277 वेळा पडला की काळी एक. या किरकिरीत मूळ सुराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं सगळी भरलेली असतात. म्हणजे दगडाच्या खाणीतून आणलेला ओबडधोबड दगड. मूर्ती त्याच्यातूनच काढायची, नको तो भाग छिनून. छिन्नीचं काम करतो फिल्टर. तुम्ही घरी बसल्या एक गोष्ट करा. लांब 'आ' लावा आणि आवाज न तोडता ओठ हळूहळू मिटत 'ऊ'पर्यंत या. गळा तोच, सूर तोच, पण वरची चमक गेली की नाही? मी हे बटण डावीकडे फिरवतो तेव्हा नेमकं तेच होतं.

(सूर तोच, उजळ आवाज हळूहळू मिटत जातो, पुन्हा उघडतो.)

तिसरं काम आवाजाच्या चढउताराचं. सतारीची तार छेडली की आवाज तडक उमटतो आणि विरतो. बासरीचा फुंकरीबरोबर भरत जातो आणि फुंकर थांबली की थांबतो. सूर एकच असला तरी या जन्म-मरणावरून कान वाद्य ओळखतो. त्यासाठी इथे चार बटणं आहेत: किती वेळात उमटायचं, किती वेळात ओसरायचं, कुठे टिकायचं, पट्टी सोडल्यावर किती वेळ रेंगाळायचं. झालं. मूळ आवाज, फिल्टर आणि हा चढउतार. सगळा कारभार या तीन गोष्टींचा आहे.

या तीन गोष्टी वेगवेगळ्या खोक्यांत घालून एकमेकींना वायरने जोडायची व्यवस्था केली अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग यांनी, 1964 साली, हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या मदतीने. जवळपास त्याच सुमाराला तिकडे पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुक्ला स्वतंत्रपणे तेच करत होते. बुक्लांना तर पियानोसारख्या पट्ट्याही नको होत्या. मोग यांचं आडनाव मोग असंच उच्चारायचं, पण आपल्याकडच्या वादकांनी त्याचं मूग करून टाकलं ते कायमचं. मूग गिळून गप्प बसणारं वाद्य मात्र ते नव्हतं. पहिले मोग कपाटाएवढे असत. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाई एका भोकातून वायर काढून दुसऱ्यात खुपसायच्या, तसा प्रकार. प्रत्येक आवाजासाठी नवी जोडणी. 1970 मध्ये मिनीमूग आला आणि हे सगळं काखेत मारून नेता येईल एवढं झालं. आपल्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाद्य आणणाऱ्यांत वादक केर्सी लॉर्ड यांचं नाव घ्यायलाच हवं.

मोग यांची खरी करामत कपाटात नाही, एका हिशेबात आहे. पट्टी दाबली की विजेचा दाब बदलतो. एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणजे एका पट्टीला साधारण 83 मिलिव्होल्ट. ऐकायला सोपं. पण मेख अशी की आपला कान बेरजेत ऐकत नाही, दुपटीत ऐकतो. मंद्र सा 138.5, मध्य सा 277, तार सा 554. म्हणजे प्रत्येक व्होल्टला करंट दुप्पट करणारी काहीतरी चीज हवी. ती चीज म्हणजे ट्रान्झिस्टर. त्याचा स्वभावच तसा आहे. त्याच्या बेस नावाच्या पायावरचा दाब नुसता 18 मिलिव्होल्टने वाढवला की त्यातून वाहणारा करंट दुप्पट होतो. देवाने संगीतासाठीच केला की काय असं वाटावं.

आणि इथेच घोडं पेंड खातं. ट्रान्झिस्टर तापला की एका अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टचा फरक पडतो. अठराला एक सप्तक, तर दोनाला किती? बारा पट्ट्यांचा नववा भाग. म्हणजे एक अंश तापमान चढलं की सूर एका पट्टीपेक्षा जास्त सरकला! एक अंश म्हणजे काय हो, कोणी दार उघडलं तरी होतो.

यावर तोड अशी, की एकाऐवजी दोन सारख्या स्वभावाचे ट्रान्झिस्टर घ्यायचे आणि उलटसुलट जोडायचे. एक जेवढा बहकेल तेवढाच दुसरा बहकेल, आणि वजाबाकीत चूक जाईल. पुस्तकात हे एका ओळीत असतं. ती ओळ मी वाचली होती. एवढंच की नीट वाचली नव्हती.

मेन रोडच्या मागच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी शिकाऊ होतो. दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणत. रात्री शटर अर्धं ओढून मी हे खोकं जोडलं. भद्रकालीतून भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणला, ट्रान्झिस्टर मात्र नवे. पन्नासेक बीसी 547 मीटरवर मोजून त्यातली एकसारखी जोडी काढली, जशी पत्रिका जुळवतात तशी. आणि मग, जागा पुरेना म्हणून, एकाला बसवला ट्रान्सफॉर्मरच्या कुशीत आणि दुसऱ्याला दोन इंच लांब.

गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. संध्याकाळी मी पेटीशी सूर जुळवून घेतला, अगदी तंतोतंत. पहिलं गाणं छान गेलं. दुसऱ्या गाण्याच्या वेळी ट्रान्सफॉर्मर तापू लागला. तिसऱ्या गाण्यात मध्ये बासरीचा तुकडा होता, तो माझ्याकडे. गायिका काळी पाचमध्ये गात होती, मी आत्मविश्वासाने पट्टी दाबली आणि माझी बासरी जवळजवळ पांढरी सातमधून निघाली. गायिकेने माझ्याकडे जे पाहिलं ते अजून लक्षात आहे. ढोलकीवाला हसता हसता ताल चुकला. आणि समोरच्या सतरंजीवर बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, पोराचा भोंगा बिघडला वाटतं."

दुसऱ्या दिवशी मामांनी खोकं उघडून पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही ट्रान्झिस्टर उपसले, त्यांच्या सपाट बाजू समोरासमोर आणल्या, मध्ये अ‍ॅरल्डाइटचा थेंब, वरून तांब्याच्या तारेचे चार वेढे. "आता लावलं यांचं लग्न," म्हणाले, "तापले तर दोघं तापतील." ती जोडी अजून आत आहे. आजही मी ती बदललेली नाही. पण लग्न लावलं तरी थोडीफार कुरबूर राहतेच. पूर्ण शांतता हवी तर तापमानाप्रमाणे स्वतः बदलणारा खास रेझिस्टर लागतो. तेव्हा तो मला मिळाला नाही. पुढे मिळत होता तेव्हा मी लावला नाही.

माझी फजिती मंडपापुरती होती. अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोस यांनी मोगवर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजवून 1968 मध्ये जी तबकडी काढली, तिच्यामुळे सिंथेसायझर जगभर पोचला, तिला तीन ग्रॅमी मिळाले. पण वाद्यातून एका वेळी एकच सूर निघायचा. म्हणून एकेक ओळ वेगळी वाजवायची आणि टेपवर एकावर एक चढवत जायचं. त्यात दर थोड्या वेळाने सूर ढळलेला. थांबा, जुळवा, पुन्हा वाजवा. असे महिनेच्या महिने. तबकडी ऐकताना ती घिसाडघाई कुठे जाणवत नाही, कारण ती नव्हतीच.

या वाद्याची आपल्या जवळची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सापुताऱ्याचा घाट उतरून गुजरातेत गेलं की पुढे अहमदाबाद. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये चक्क एक मोठा मोग बसवला गेला होता. डेव्हिड ट्यूडर हे अमेरिकन संगीतकार येऊन तो जोडून गेले. मागे साराभाई कुटुंब होतं. त्यातल्या गीता साराभाई स्वतः संगीत जाणणाऱ्या. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीताची ओळख करून दिली ती त्यांनीच. तीन-चार वर्षं तिथे भारतीय मंडळी त्या यंत्रावर काम करत होती, टेपा भरत होती. मग ते सगळं थांबलं. टेपा कपाटात पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश संगीतकाराला त्या सापडल्या आणि 2023 मध्ये त्यातल्या निवडक प्रसिद्ध झाल्या. मी ऐकल्या. काही ठिकाणी नुसती घुर्रघुर्र आहे, खरं सांगतो. पण मधूनच कोणीतरी भारतीय कानाचा माणूस त्या यंत्राला सूर विचारतोय हे कळतं, आणि मग मी आवाज वाढवतो.

आता थोडं नाजूक बोलतो, कारण बसलोय आकाशवाणीत. याच आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमला दार बंद केलं होतं. तीसेक वर्षं पेटी आत येऊ शकत नव्हती. तक्रार अशी की तिचे सूर कायमचे ठोकून बसवलेले, हलवता येत नाहीत, आणि तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. बंदी योग्य होती असं मी म्हणणार नाही, पेटीवर आमच्या पिढ्या वाढल्या. पण तक्रार खोटी नव्हती. गंमत पाहा, त्या दोन्ही तक्रारींचं उत्तर या विजेच्या खोक्यात आहे. सूर हवा तेवढा हलवा. आणि मींड? हे दहावं बटण.

(सा वरून प वर सुराची सलग घसर. पुन्हा सा.)

विजेचा दाब एकदम न बदलता हळूहळू बदलायचा, बस. पट्ट्या पेटीच्या आणि चाल सारंगीची.

याचा उपयोग सगळ्यात धिटाईने केला चरणजित सिंग यांनी. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले गिटार वाजवणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली, एचएमव्हीकडून. हाताशी तीन जपानी रोलँड यंत्रं. एक ज्युपिटर-8 कीबोर्ड. दुसरं ठेका देणारं टीआर-808. तिसरं एक चंदेरी डबडं, टीबी-303. हे डबडं बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून, आणि त्या कामात ते पार आपटलं. बासगिटारसारखं ते वाजतच नव्हतं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटली असेल. ललित, मेघ मल्हार, मालकंस डोक्यात असलेल्या माणसाला तिथे मींड दिसली. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच डबडं पिळून नवं नृत्यसंगीत काढलं, अ‍ॅसिड हाउस म्हणून ते गाजलं. 2010 मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले, की हा माणूस आमच्या आधी इथे कसा पोचला. त्यानंतर उतारवयात त्यांनी तिकडे कार्यक्रम केले. 2015 मध्ये ते गेले. मला स्वतःला त्या तबकडीतला ठेका जरा कंटाळवाणा वाटतो. नाशिक ढोल ऐकलेल्या माणसाला वाटणारच. पण वरची रागाची चाल ऐका.

808 वरून आठवलं. ढोलावर टिपरू पडलं की पान थरथरतं आणि थांबतं. 808 मध्ये पान नाही, एक सर्किट आहे. त्याला विजेचा एक टोला द्यायचा, ते घंटेसारखं थरथरतं आणि विरतं. त्यातल्या करकरीत आवाजासाठी रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी मुद्दाम बिघडलेले, खरखर करणारे ट्रान्झिस्टर वापरले होते. पुढे कारखाने सुधारले, तसे बिघडलेले ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि 808 बनणं बंद पडलं! आमच्या मामांना हे सांगायला हवं होतं. बिघडलेल्या ट्रान्झिस्टरचा डबा भरून होता दुकानात.

या वाद्यांचा आणखी एक ताप म्हणजे आठवण नाही. बटणं फिरवली की आधीचा आवाज गेला. बाहेरदेशी वादक बटणांचे नकाशे काढून ठेवत. मी बायकोच्या टिकल्या वापरल्या. लाल टिकल्या जुळल्या की बासरी, हिरव्या जुळल्या की पुंगी, आणि एक खड्याची होती ती फक्त शंखासाठी. घामाने टिकली सुटली की शंखाचं काय होईल सांगता यायचं नाही. 1978 मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-5 या सिंथेसायझरमध्ये आवाज साठवून ठेवायची सोय झाली; एकदम पाच सूरही वाजू लागले. ते यंत्र मी फक्त फोटोत पाहिलं.

मग 1983. यामाहाचा डीएक्स-7 आला. आत वीज नव्हे, आकडे. न तापणारा, न ढळणारा, लखलखीत. त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने बोलू लागली, त्याला मिडी म्हणतात. जुनी अ‍ॅनालॉग यंत्रं लोकांनी मिळेल त्या भावाला फुंकली. आपल्याकडे तर ही सगळी भानगड झालीच नाही. आपल्याकडे थेट कॅसिओ आला. कोणत्याही कंपनीचा असो, तो कॅसिओच. लग्नात कॅसिओ, मेळ्यात कॅसिओ, कीर्तनात कॅसिओ. मीही घेतला. घर त्यावर चाललं, त्याच्याविरुद्ध बोलणार नाही.

पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत उलटी गंगा वाहतेय. कोर्ग या जपानी कंपनीने 2013 मध्ये आपला 1978 चा एमएस-20 सिंथेसायझर लहान आकारात पुन्हा काढला, 2016 मध्ये मिनीमूग परत आला. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करणारा पोरगा परवा माझ्याकडे आला. त्याच्या लॅपटॉपमध्ये मिनीमूगची हुबेहूब नक्कल आहे, पडद्यावर बटणं फिरतात. मला म्हणाला, "काका, यात एक बटण आहे, त्यावर ड्रिफ्ट लिहिलंय. ते कशाला?" मी म्हटलं, सूर मुद्दाम थोडा ढळवायला. तो हसला. म्हणाला, "म्हणजे बिघाड पण विकत घ्यायचा?" मी त्याला माझं खोकं उघडून ती तांब्याच्या तारेत बांधलेली जोडी दाखवली. त्याने फोटो काढला.

काचेपलीकडून निर्मात्या ताई घड्याळ दाखवताहेत. तर ठरल्याप्रमाणे तो सा. सुरुवातीपासून बटणाला हात लावलेला नाही. आधी तानपुरा.

(तानपुरा. त्यावर सिंथेसायझरचा सूर. दोन्हींचा मिळून संथ डोल ऐकू येतो.)

ऐकलंत? वाँव… वाँव… असा डोल येतोय. दोन सूर अगदी जवळ असले, पण एक नसले, की असं होतं. सेकंदाला जेवढे डोल, तेवढा दोघांच्या कंपनांत फरक. मोजा माझ्याबरोबर. एक… दोन… तीन… सेकंदाला जेमतेम एक. म्हणजे तानपुरा 277 वर असेल तर आमचे बुवा 276 वर आलेत. एका पट्टीचा साधारण सोळावा भाग उतरलेत. अंग शेकलं त्यांचं.

हे बटण एवढंसं फिरवलं की जुळेल. थांबा, फिरवतो… नाही, राहू दे. यावरच दोन मिनिटं भूप वाजवतो. लाल टिकल्यांवर.

(तानपुरा. बासरीसारखा सूर. भूप.)